साधे सभासद सुपडाभाऊ

सुपडाभाऊंवर मी जेवढी ओरडले तेवढी माझ्या नवऱ्यावरही कधी ओरडले नाही. नवरा तसा नशीबवान, तो माझ्या दुकानात येत नाही. भाऊ रोज येत. मी शटर वर करायचा अवकाश, की सायकलची घंटी वाजवत दारात हजर. समोर कोणी आडवं आलेलं नसे, तरी घंटी वाजायचीच. "आपण येऊन राह्यलो हे समोरच्याले आधी समजलं पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. आत येऊन स्टुलावर बसले की पहिला प्रश्न मोठ्या आवाजात, "सरू, रात्रीतून कोणी आलं काय?"

कोणी म्हणजे सभासद. आमच्या बातम्यांच्या वेबसाइटवर रात्रीतून कोणी नवं नाव नोंदवलं का, एवढंच त्यांना विचारायचं असे. पण झेरॉक्ससाठी रांगेत उभे असलेले लोक दचकून माझ्याकडे बघत. मी म्हणायचे, "भाऊ, सभासद म्हणा, सभासद!" ते म्हणायचे, "हाव, तेच म्हणून राह्यलो ना." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाऊ जाऊन दीड वर्ष होत आलं, आणि आता हा प्रश्न विचारणारं कोणी नाही याचंच मला सकाळी सकाळी वाईट वाटतं.

नांदुऱ्याला बसस्टँडच्या अंगाला माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज, असली कामं. भाऊंचं एक साप्ताहिक होतं. चार पानांचं, कधी सहा, निवडणुकीत आठ. त्याची जुळणी मी करत असे. मग कागद महागला, वाचणारे मोबाइलकडे गेले आणि भाऊंनी छपाई बंद केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे त्यांच्या शेजारणीनं मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणतात, "सरू, ते वेबसाइट काय भानगड असते? करून टाक बरं एक." जिलबीचा घाणा काढायला सांगावं तसं! मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं, बाकीचं व्हिडिओ बघून शिकले, आणि दोन महिन्यांत साइट उभी राहिली.

उंच, वाळका माणूस. पांढरा सदरा, त्याला दोन खिसे, दोन खिशांत दोन फोन. एक साधा, बोलायचा. दुसरा मोठा, बघायचा. मोठ्या फोनवर त्यांनी आयुष्यात कधी बोलणं केलं नाही. "त्यात बातम्या असतात, त्याले काऊन त्रास द्या?" चहा बशीतून, आणि बशीतला शेवटचा घोट तसाच ठेवायचा. काऊन ठेवता, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाळ असते त्यात." इतकं साधं कारण ऐकून मी उगाच खट्टू झाले.

निधनाची बातमी आली की भाऊ स्टुलावरून उठत. उभं राहून ती एकदा मोठ्यानं वाचत, मग बसत, मग मला म्हणत, "टाक." गेलेला माणूस ओळखीचा असो की नसो, श्रीमंत असो की कोणी असो. दुकानात गर्दी असली तरी उभे राहत, आणि हळूहळू असं झालं की ते उभे राहिले की झेरॉक्सवालेही बोलायचे थांबत. आणि अपघाताच्या बातमीत 'अज्ञात इसम' असं कोणी लिहून पाठवलं, तर भाऊंचं डोकं फिरे. "अज्ञात म्हंजे काय व? त्याच्या मायले तं तो माहीत आहे ना! आपल्याले माहीत नाई, तं 'ओळख पटली नाही' असं लिहा. अज्ञात कोणी नसते." मग बोलायच्या फोनवरून दहा ठिकाणी विचारणा. अंगात कोणत्या रंगाचा शर्ट होता, पायात काय होतं. बातमीपेक्षा माणसाचा तपासच जास्त.

सभासद नोंदणीचं प्रकरण याच स्वभावातून निघालं. सुरुवातीला बातमीखाली कोणीही काहीही लिहू शकत असे. मी ते मोकळं ठेवलं होतं, लोक येतील म्हणून. लोक आले, पण शिव्या घेऊन आले. 'नांदुऱ्याचा वाघ' नावाचा एक जण तर रोज गरळ ओकायचा. भाऊंनी ते वाचलं आणि रागावले नाहीत. विचारात पडले. म्हणाले, "सरू, हा बोलून राह्यला अन् याचं तोंडच दिसत नाई. हे काही बरोबर नाई."

मी सांगितलं, नोंदणी लावू. नाव, गाव, मोबाइल नंबर. नंबरवर आकडा येईल, तो टाकला की झाला सभासद. भाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, "अजून एक रकाना टाक. तुम्हाले कोण ओळखते?"

"म्हंजे?"

"म्हंजे त्याले ओळखणारा एक माणूस. त्याचं नाव अन् नंबर."

मी डोक्याला हात लावला. भाऊ, जगात असं कुठं नसते, लोक अर्धवट सोडून पळून जातीन, असं मी हात जोडून सांगितलं. भाऊ ऐकून घेत होते. त्यांची ती एक खोड होती. तुमचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचं, आणि शेवटी पहिलंच म्हणायचं. "आपल्याकडे नवा माणूस दारात आला तं आपण काय विचारतो? कोणाच्या घरचे, हेच ना? मंग तेच विचारायचं. यात काय जगाचं?"

टाकला रकाना. आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला, कारण भाऊ प्रत्येक नावासाठी खरोखर फोन करायचे. माझ्या दुकानात बसून, माझ्या गिऱ्हाइकांसमोर. "हॅलो, तुमच्या ओळखीचे अमुक अमुक आहेत काय? कसा माणूस आहे? नाई, लग्नासाठी नाई विचारून राह्यलो. बातम्यांसाठी." त्यात तिकडून पीकपाणी, लेकीचं बाळंतपण, गुडघेदुखी, सगळं निघायचं. एक सभासद मंजूर करायला कधी अख्खी सकाळ जायची. मी चिडून म्हणायचे, "अशानं दोनशे लोक व्हायले दोन वर्षं लागतीन." ते म्हणायचे, "लागू दे. दोनशे ओळखीचे तं होतीन."

या नोंदणीत वाघही सापडला. अतिशय गरीब स्वभावाचे एक निवृत्त कारकून निघाले. बायकोसमोर आवाज न चढवणारे. ते कोण, हे भाऊंनी मला सोडून कोणाला सांगितलं नाही, आणि मलाही नाइलाजानं सांगितलं, कारण मंजुरीचं बटण मी दाबत होते. स्वतःच्या नावानं सभासद झाल्यावर वाघ 'आदरणीय संपादक महोदय' असं लिहू लागले. मी हसले तर भाऊ म्हणाले, "हसू नोको. त्याले बोलायचं होतं, दुसरं काई नाई."

सभासद वाढले तसा गावोगावच्या बातमीदारांचा प्रश्न आला. ते बातमी व्हॉट्सॲपवर पाठवणार, मी टाइप करणार, भाऊ वाचणार, मग ती साइटवर जाणार. माझ्या नाकी नऊ यायचे. म्हणून मी तीन-चार भरवशाच्या लोकांना संपादकाचा प्रवेश दिला. म्हणजे त्यांनी आपल्या मोबाइलवरून बातमी लिहायची आणि स्वतःच प्रसिद्ध करायची. त्यात साखरखेर्ड्याचे लतीफभाई होते. त्यांचं शिलाईचं दुकान. अतिशय सज्जन माणूस, आणि तिथंच घोटाळा झाला.

एके सकाळी साइट उघडते तर पहिल्या पानावर बैल! कोणाचा तरी तांबडा बैल हरवल्याची बातमी, बैलाच्या फोटोसकट. त्याखाली कोणाला तरी मुलगा झाल्याची. त्याखाली एक लग्नपत्रिका. त्याखाली गिरणी दुपारी बंद राहील अशी सूचना. मी लतीफभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, पासवर्ड दुकानात भिंतीवर खडूनं लिहून ठेवला ना मैंने. लोक मागतात. गावातल्या माणसाले नाई कसं म्हणायचं?"

माझा तोल गेला. भाऊ आले तेव्हा मी तावातावानं सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक बातमी वाचली, आणि विचारलं काय तर, "या खऱ्या आहेत ना?"

"खऱ्या असल्या म्हून काय झालं?"

"मंग चांगलंच आहे की. बैल सापडला काय, विचार बरं."

बैल संध्याकाळी सापडला. पण पासवर्ड भिंतीवर ठेवता येणार नव्हता, हे भाऊंनाही कळत होतं. मी फोनवरच सांगणार होते, त्यांनी मला अडवलं. सदऱ्याचं कापड घेतलं आणि एसटीनं साखरखेर्ड्याला गेले. लतीफभाईंकडे माप दिलं, चहा घेतला, गप्पा केल्या आणि पासवर्डाचा शब्दही न काढता परत आले. मी म्हटलं, "मंग गेले कशाले होते?" म्हणाले, "पहिल्याच भेटीत कसं बोला?" सदरा घ्यायला पुन्हा गेले, तेव्हा बोलले. लतीफभाईंनी हसत हसत भिंत पुसली. त्यानंतर मी दोन पायऱ्या केल्या. बातमीदारानं बातमी लिहून ठेवायची, प्रसिद्ध करायचा अधिकार फक्त संपादकाला. म्हणजे एकट्या भाऊंना.

आणि मग सुलतानपूरची नोंदणी आली.

नाव वैशाली. गाव सुलतानपूर, तालुका लोणार. सोबत एक बातमीही पाठवलेली. आणि 'तुम्हाला कोण ओळखतं' या रकान्यात लिहिलेलं, 'इथं मला माझ्या नावानं कोणी ओळखत नाही.'

भाऊंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. बशीतला चहा निवून गेला. "सरू," म्हणाले, "उद्या दुकान बंद ठेवशीन काय? हे कोणाची तरी सून दिसते, एकट्यानं तिच्या घरी जाणं बरं दिसत नाई."

मी कुरकुर केली आणि गेले. नांदुऱ्याहून खामगाव, खामगावहून मेहकर, तिथून सुलतानपूर. उन्हानं जीव नकोसा झाला होता. गावात वैशालीचं घर विचारलं तर कोणालाच माहीत नाही. कोण वैशाली? कोणाची? शेवटी गिरणीवरची एक बाई म्हणाली, "पुड्याचा कागदबी वाचल्याशिवाय टाकत नाई, ते गजाननची बायको काय?" तीच.

घरी सासू होती. पडवीत बसून तूर पाखडत होती. आम्ही कोण, कशाला आलो, हे ऐकून तिचा चेहरा आवळला. वैशाली दाराआड. परभणीकडची मुलगी, बारावी झालेली. इतकी घाबरलेली, की पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि पुन्हा दाराआड.

"सूनबाईनं काय लिहिलं, ते तुमाले माहीत आहे काय?" भाऊंनी सासूला विचारलं.

"मले काय माहीत. मले वाचता येत नाई."

"मंग ऐका." भाऊंनी मोठा फोन काढला आणि वाचायला लागले. त्या गल्लीतल्या बायकांनी मिळून उन्हाळ्यात जुन्या विहिरीतला गाळ काढला होता, त्याची बातमी. पाट्या कोणी भरल्या, दोर कोणी ओढला, विहिरीत सगळ्यात आधी कोण उतरलं. आणि प्रत्येक बाईचं नाव. अमक्याची आई नाही, तमक्याची बायको नाही. तिचं स्वतःचं नाव, आडनावासकट. वाचता वाचता भाऊ म्हणाले, "'पासष्टी ओलांडलेल्या गोदावरीबाई सगळ्यात आधी विहिरीत उतरल्या,'" आणि सासूचा हात सुपावरच थांबला.

"गोदावरी मीच व्हय," ती म्हणाली. मग सुनेकडे बघून, "तुले कोणं सांगितलं माहं नाव?"

"मतदान कार्डावर वाचलं, आत्या."

बाईनं सूप खाली ठेवलं. पदरानं नाक पुसलं. मग भाऊंना म्हणाली, "अन् लिहिणारीचं नाव लावसान काय याच्यात?"

"लावतो की. तुम्ही हो म्हटलं तं."

"मंग पुरं लावा. अर्धं नोका लावू."

परतीच्या गाडीत मी विचारलं, "भाऊ, त्या रकान्यात आता काय भरू?" म्हणाले, "माझं नाव टाक. मी ओळखतो तिले." मला एकदम रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि उन्हाला शिव्या दिल्या.

वर्षभरात वैशाली आमची सगळ्यात चांगली बातमीदार झाली. भाऊ तिच्या बातम्यांची वाट बघायचे. काही चुकलं तर फोन करून समजावायचे, पण शेवटी "बाकी झकास" म्हटल्याशिवाय ठेवायचे नाहीत. एक दिवस मला म्हणाले, "तिले संपादक कर." मी केलं. आता आमच्याकडे दोन संपादक झाले.

झाले म्हणजे कागदावर. कारण वैशाली बटण दाबायची नाही. प्रत्येक बातमीला फोन. "भाऊ, टाकू का?" भाऊ म्हणायचे "टाक," मगच टाकायची. लतीफभाईंची बातमी असो की तिची स्वतःची, साधी बाजारभावांची असो, "भाऊ, टाकू का?" भाऊंनाही सुरुवातीला ते गोड वाटायचं. मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

खामगावच्या दवाखान्यात ठेवलं. पुण्याहून मुलगा आला. भला मुलगा, बापावर जीव असलेला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, बाबांना आता हे झेपायचं नाही. आणि बाबांनंतर करणार कोण? बंदच करू ना." त्याचं खोटं नव्हतं. आणि भाऊ पलंगावरून सगळं ऐकत होते.

त्याच आठवड्यात भाऊंना तपासण्यांसाठी आत नेलं, तर दिवसभर फोन बंद. नेमक्या त्या सकाळी लतीफभाईंनी साखरखेर्ड्याच्या एका हरवलेल्या म्हाताऱ्या बाबांची बातमी फोटोसकट पाठवली होती. वैशालीनं ती नीट करून ठेवली आणि भाऊंना फोन लावत बसली. संध्याकाळी भाऊ खोलीत आले, "टाक" म्हणाले, बातमी गेली, आणि थोड्याच वेळात निरोप आला, बाबा मेहकरच्या बसस्टँडवर बसलेले आहेत. सकाळपासून तिथंच, उपाशी. बातमी सकाळी गेली असती तर बाबा दुपारी जेवायला घरी असते.

वैशाली फोनवर रडली. भाऊ तिला रागावले नाहीत. पण बोलणं झाल्यावर फोन उशाखाली सरकवला. मग म्हणाले, "मी हाओ तवरोक हे पोरगी बटण नाई दाबत. अन् मी गेल्यावर कोणाले विचारीन?"

"असं काऊन बोलता भाऊ?"

"सरू, माझं संपादकपण काढ."

मला वाटलं, ताप चढला. "काढ म्हंजे?"

"मले साधा सभासद कर. जसे सगळे आहेत तसा."

मी भांडले. दवाखान्यात, सलाइन लावलेल्या माणसाशी भांडले. साइट तुमची, नाव तुमचं, जलम घातला तुम्ही याच्यात, मी नाही करणार. त्यांनी नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "कर." मी मोबाइलवर त्यांचं नाव उघडलं. 'संपादक' खोडून 'सभासद' निवडलं. 'तुमची खात्री आहे का?' अशी चौकट आली. ती चौकट मीच कधीतरी मराठीत करून ठेवली होती. मी फोन त्यांच्यासमोर धरला. माझ्यानं दाबवेना. त्यांनी सलाइन नसलेल्या हातानं स्वतः दाबलं.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला. "भाऊ, टाकू का?" भाऊ म्हणाले, "मले नोको विचारू बाई. मले आता टाकताच येत नाई. सरूले विचार." तिनं मला विचारलं. मी सांगितलं, संपादक तू एकटीच आहेस. मग तिनं बातमी टाकली. त्यानंतर रोज टाकत राहिली, पण टाकल्यावर लगेच फोन. "भाऊ, टाकली. बरोबर आहे ना?" भाऊ 'हाव' म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. अजून जमलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

मी शेवटचं भेटले तो दिवस सांगते. आदल्या दुपारभर भाऊ मोठ्या फोनवर एका बोटानं काहीतरी लिहीत होते, असं मुलानं सांगितलं. कोणाला दाखवलं नाही. मी ज्वारीची भाकर आणि मुगाच्या वरणाचा डबा घेऊन गेले तेव्हा ते उशाला फोन घेऊन वाट बघत होते. तेवढ्यात फोन वाजला. सभासदानं पाठवलेल्या बातमीचं काय झालं, ते संपादकाकडून असं संदेशानं कळतं. "चष्मा नाई सापडून राह्यला," म्हणाले. "तू वाच."

मी उघडलं. भाऊंनी साधे सभासद म्हणून बातमी पाठवली होती. मथळा होता, 'सुलतानपूरच्या वैशालीताईंची उल्लेखनीय कामगिरी'. खाली चांगले चार लांबलचक परिच्छेद. आणि त्याखाली संपादकाचा निर्णय, नाकारली. कारण लिहिलं होतं, 'भाऊ, यात बातमी नाही, माझं कौतुक आहे. प्रसिद्ध करता येणार नाही. औषध वेळेवर घ्या. वैशाली.'

मला वाटलं, भाऊ दुखावतील, आधीच हृदयाचा आजार. मी हळूच वर पाहिलं.

भाऊ हसत होते. शेजारच्या पलंगावरचा माणूस झोपला होता म्हणून तोंडावर हात धरून हसत होते, आणि उताणे असल्यामुळे डोळ्यांतलं पाणी सरळ कानात चाललं होतं. "तिनं फोन नाई केला, सरू," ते म्हणाले. "मले नाई केला. तुले केला काय?"

"नाई."

"कोणालेच नाई विचारलं! सरळ नाकारली बाप्पा!"

तेवढ्यात नर्स रक्तदाब मोजायला आली. भाऊंनी तिला सांगितलं, "सिस्टर, आमच्या संपादकबाईनं माही बातमी नाकारली." तिला बिचारीला वाटलं, काकांना वाईट वाटलं. म्हणाली, "असू द्या काका, दुसरी लिहा."

"नाई, नाई," भाऊ म्हणाले, "बरोबर नाकारली." आणि पट्टा बांधायला त्यांनी हात पुढे केला.